मोझेलकाठचा चरक

ओकच्या लाकडावर काळ्या द्राक्षांचा रस सांडला, की पहिल्या वर्षी डाग जांभळा दिसतो. मग तो तपकिरी होतो. जवळ लोखंडाची पट्टी असेल, तर तिच्याभोवती तो शाईसारखा काळा पडतो. माझ्या अंगावर हे तिन्ही रंग आहेत. मित्रांनो, मी मोझेल नदीच्या उतारावरचा, द्राक्षे पिळणारा जुना चरक. गरगर फिरणारा नव्हे, दाबणारा. खाली हौद, वर लांबलचक तुळई आणि तुळईच्या टोकाला दगड.

माझा जन्म हुकमाने झाला. कार्ल राजाने, ज्याला पुढे जगाने शार्लमेन म्हटले, आपल्या सगळ्या मळ्यांवर निरोप धाडला होता, की द्राक्षे कुणी पायांनी तुडवायची नाहीत, सगळे स्वच्छ हवे. मळ्यातल्या म्हाताऱ्या बायका चिडल्या. त्यांचा जन्म तुडवण्यात गेला होता.

"राजाला आमच्या पायांचा वास तिकडे आखेनच्या राजवाड्यात बसून आला वाटतं!" एक जण म्हणाली.

"वास नाही आत्या, चव लागली असेल," हुनफ्रिड नावाचा तरुण म्हणाला. हसत हसत तिने त्याच्या पाठीत बुक्की घातली. मग त्याच हुनफ्रिडने माझ्यासाठी ओक तोडला.

त्या हिवाळ्यात रोमहून बातमी आली, की कार्ल आता सम्राट झाला. मला त्यातले काय कळणार? मला राजा कळायचा तो हुनफ्रिडच्या येण्याजाण्यातून. वसंतात घोड्यांपुरते गवत वाढले की सैन्याची हाक यायची आणि तो जायचा. द्राक्षे पिकायच्या सुमारास परतायचा, तेव्हा कित्येक दिवस कुणाशी बोलायचा नाही. नुसता तुळईला तेल चोळत बसायचा. राज्य मोठे होत होते आणि माझा हुनफ्रिड मुका होत होता. पण त्याच राजाच्या काळात मठात शाळा उघडली, पुस्तके नीट वाचता येतील अशा अक्षरात उतरवली जाऊ लागली, आणि आमच्या वाटेने व्यापारी बिनधास्त जाऊ लागले. हेही खरे, आणि तेही खरे.

चाकरीचे बक्षीस म्हणून हुनफ्रिडला हा उतार मिळाला, माझ्यासकट. गेर्लिंड लग्न होऊन आली. दर हंगामात मी न्हाऊन निघायचो. आसपासचे लोक म्हणायचे, "रस पिळावा तर गेर्लिंडच्या चरकावर." तो माझा वैभवाचा काळ.

मग कार्ल गेला. त्याचा मुलगाही गेला. नातवंडे राज्यासाठी एकमेकांवर तुटून पडली. हुनफ्रिड तोवर मातीआड झाला होता. त्याचा थोरला, राडुल्फ, एका नातवाच्या बाजूने लढला. धाकटा, एबरविन, दुसऱ्याच्या. दोघे जिवंत परतले, पण एकमेकांची तोंडे बघेनात. पुढे राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा या दोघांनीही वाटणी मागितली.

आमच्याकडे बापाचे सगळे मुलांत सारखे वाटतात. सारखे म्हणजे अगदी सारखे. वेली वाटल्या, पिंपे वाटली, कोंबड्याही वाटल्या. माझ्याविषयी पंचांनी ठरवले, की तुळई थोरल्याला आणि हौद धाकट्याला. फक्त गेर्लिंडचा होकार बाकी होता. तो काही येईना. "हंगाम उरकू दे," ती म्हणायची. नाहीतर, "दाढ दुखतेय रे, मग बघू." तोवर मला हात लावायचा नाही असे ठरले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. हौदाच्या फळ्या वाळून फटी पडल्या. मित्रांनो, लाकूड कामाने झिजते, पण रिकामे राहिले तर फुटते.

शेवटी एका सकाळी, आईच्या होकाराची वाट न बघता, राडुल्फ करवत घेऊन माझ्या कोठीत आला. मागून एबरविन आला आणि दारात हात बांधून उभा राहिला.

"काप, दादा, काप. रस मात्र कशात पिळशील? टोपीत?"

"आणि तू हौदात काय करणार? आंघोळ? त्याची गरज आहेच म्हणा."

करवतीचे दात तुळई धरणाऱ्या माझ्या खांबाला लागले. थोडा भुसा पडला. तेवढ्यात गेर्लिंड आत आली. तिने झग्याच्या टोकाने तुळईवरची कोंबड्यांची घाण पुसली आणि तिथे हात ठेवला.

"आई, बाजूला हो. बाबांची वस्तू आहे, आमची वाटणी आहे," राडुल्फ म्हणाला.

"बाबांची नाही," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवरा बायकोला देतो ना, ती भेट. माझा हात इथे ठेवून, चार माणसांसमोर त्यांनी हा मला दिला. त्यातले दोघे पंचांत बसतात. विचारा त्यांना, माझा होकार का लागतो ते."

राडुल्फची करवत थांबली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" एबरविनने विचारले.

"एकाला दिला असता तर दुसरा गेला असता. मला दोघे हवे होते." तिने तुळईवरचा हात काढला नाही. "सम्राटाच्या नातवांनी वाटणी कशी केली, ते तुम्ही रणात बघून आलात. हा चरक मी वाटणार नाही. जोडीने याल तर अख्खा तुमचा. एकटा येईल त्याच्यासाठी हे दार बंद."