पाचव्या आठवड्याची मेहेरबानी

छताला लावलेल्या, धुराचा इशारा देणाऱ्या यंत्राने ‘टुक्’ केलं. बॅटरी संपत आली होती त्याची. फोनमधलं ताटकळत ठेवणारं संगीत नुकतंच थांबलं होतं, त्यामुळे तो एवढासा आवाजही ट्रेसाला दचकवून गेला. मांडीवर बसलेली जूनी आईच्या कोपरावर एकेक कागदी चांदणी चिकटवत होती.

“ट्रेसा बोलतेय ना?” वसुली कंपनीची बाई फोनवर आली एकदाची. “कायद्याने सांगावं लागतं, हा फोन थकबाकी वसूल करण्यासाठी आहे.”

“फोन मीच केलाय.”

“तरी सांगावं लागतं, बाई.”

सोमवारी कॉलेजात ट्रेसाचा नर्सिंगचा वर्ग सुरू होणार होता. सरकारी अनुदान मंजूर होतं, पण जुन्या अनुदानाचे जादा दिले गेलेले सहाशे बारा डॉलर तिच्या नावावर निघत होते. ते मिटल्याशिवाय नवं मिळणार नव्हतं. पाच वर्षांपूर्वी जूनीच्या वेळी तिने याच कॉलेजातून सत्र अर्धवट सोडलं होतं. नियम सोपा होता. नऊ आठवडे बसलात की अनुदान सगळं तुमचं, आधी उठलात की उरलेल्या दिवसांचं परत करा. ट्रेसा दहा आठवडे बसली होती, अगदी पोट बाकाला टेकेपर्यंत. कागद मात्र म्हणत होता, बाई पाचव्या आठवड्यातच गेली. तगाद्याची पत्रं जुन्या पत्त्यावर, जूनीच्या बापाच्या आईकडे जात राहिली. दुसऱ्याचं पत्र उघडणं त्या माउलीच्या धर्मात बसत नव्हतं. पोचवणंही बसत नसावं.

“तारीख चुकलीय म्हणता, तर ती लिहिणाऱ्या सरांची सही आणा,” बाई म्हणाली. “शुक्रवारच्या आत आली तर खातं बंद, खुशाल वर्गात बसा. नाहीतर हप्ते बांधू. त्याच्या कागदांना महिना लागतो.”

“आणि वर्ग?”

“पुढच्या वर्षीही असेलच की तो.”

जूनीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिला घेऊनच ट्रेसा तेव्हा शिकवणाऱ्या स्टिडम सरांकडे गेली. डोंगराच्या वळणावर त्यांचं घर. सर ओसरीवर बसून शेंगा सोलत होते.

“अरे वा, ट्रेसा! आणि हीच का ती, जिच्यासाठी कॉलेज सोडलंस?”

ट्रेसाने सगळं सांगितलं. सरांचा चेहरा खुलत गेला, जणू कुणी पदक घेऊन दारी आलंय.

“अगं, ती तारीख मीच टाकली! तुझ्या भल्यासाठी. दहाव्या आठवड्यात गेलीस म्हटलं असतं तर नापास लिहावं लागलं असतं. पाचव्यात म्हटलं की नुसतं ‘सोडलं’. एक डाग नाही बघ तुझ्या नावावर!”

“डाग परवडला असता, सर. वसुलीवाले मागे लागलेत माझ्या. तुम्ही फक्त खरी तारीख लिहून द्या.”

सरांच्या हातातली शेंग थांबली.

“म्हणजे मी खोटी लिहिली होती, असं सहीनिशी लिहू? डिसेंबरात निवृत्त होतोय मी. रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबलच्या दहा आज्ञा शिकवतो.”

“पण लिहिलीत ना खोटी?”

“दयेपोटी, पोरी. दयेपोटी लिहिलेलं खोटं नसतं.”

भीक नको पण कुत्रं आवर, अशातली गत. दयाळू माणूस स्वतःच्या दयेवर सही करायला तयार नव्हता, कारण तिची किंमत दुसरंच कुणी भरत होतं. “प्रार्थना करीन तुझ्यासाठी,” म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली.

ट्रेसाने गाडीत येतानाच एक सणसणीत वाक्य घोकून ठेवलं होतं. पण केंटकीच्या या डोंगरांत पोरींना दात यायच्या आधी नम्रता येते. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “थँक यू, सर.”

“ये हो परत कधीही!”

गाडीत तिने जूनीचा पट्टा लावला, तो नीट बसलाय ना म्हणून दोनदा ओढून पाहिला. म्हणजे सोमवारी पुन्हा दुकानातला गल्लाच. तोच दुकानाचा शर्ट, तेच दुधाचे कॅन. किल्ली फिरवायचं तिच्याने होईना.

“मम्मी, रडतेयस?”

“नाही गं सोन्या. ऊन आलं डोळ्यांत.”

जूनी काचेतून ओसरीकडे बघत म्हणाली, “कुणी काही दिलं की थँक यू म्हणायचं. तूच शिकवलंस ना?”

“हो राणी.”

“मग सरांनी तुला काय दिलं?”