तांब्याच्या चार रिंगा

तिसऱ्यांदा तोच आवाज आला, फुस् फुस् फुस्, आणि मी इंजिन बंद केलं. हवा कुठून निसटतेय ते शोधायची गरजच नव्हती. सिलिंडरच्या कडेला काजळीची रेघ उमटली होती. गाडीचा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. परवा त्याची चढावरची शर्यत. तो आवाज न चढवता म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत वाट बघतो. नाहीतर गाडी दुसरीकडे नेतो." वीस वर्षांत माझ्या गॅरेजातून एकही गाडी अर्धवट बाहेर गेली नव्हती.

हे इंजिन वाऱ्यावरच थंड होणारं, पाण्याची भानगड नाही. चार सुटे सिलिंडर, प्रत्येकावर हेड बसवलेलं, आणि मधल्या फटीतून हवा निसटू नये म्हणून एकेक रिंग. ताकद वाढवायच्या नादात मी दाब इतका वाढवला होता की नेहमीच्या रिंगा कागदासारख्या जळायच्या. म्हणून तांब्याच्या कापून घेतल्या. त्यांतूनही हवा निसटली. मी नट आणखी आवळले. पुन्हा निसटली, पुन्हा आवळले. आवळण्यापलीकडची अक्कल आम्हाला कुणी शिकवलेलीच नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे बसले होते. त्यांचा जन्म तांब्याची भांडी ठोकण्यात गेला. दुकान बंद करून आमच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. घरी भिंतीकडे बघत बसतात म्हणून बायको त्यांना रोज माझ्याबरोबर धाडते, तर इथे गाड्यांकडे बघत बसतात. हाताशी काही काम घ्या म्हणून मी दोनदा सुचवलं. जावयाच्या हाताखाली काम करणार नाही, म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी बायकोला ऐकवलंही होतं.

हेड निवल्यावर मी रिंग काढली आणि चिडून फेकून दिली. ती टणटणत त्यांच्या चपलेपाशी जाऊन थांबली. त्यांनी उचलली आणि मुद्दाम पुन्हा पाडली. टण्ण.

"जावईबापू, हे तांबं ताठ आहे."

"मग ताठच हवं ना, मामा? एवढा दाब सोसायचाय त्याला."

"ताठलेला माणूस कुठे नीट टेकून बसतो?" ते उठले. "शटर ओढा अर्धं. उन्हात लाली दिसत नाही."

मी गॅसची बत्ती पेटवली, ती त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. चहाचा कप धरला की अर्धा चहा बशीत सांडणारा तो हात ज्योत धरून मात्र जागचा हलला नाही. रिंग काळवंडली, मग हळूहळू आतून लाल झाली. त्यांनी पक्कडीने उचलून बादलीत सोडली. चर्र झालं, काळी साल सुटली आणि खालून गुलाबी तांबं निघालं. पुसून त्यांनी ती फरशीवर टाकली. नुसतं थप्प; तांबं मऊ पडलं होतं. उरलेल्या तीनही मी काढून दिल्या, आणि चारही रिंगा अशाच थप्प वाजल्या.

जोडणी करून मी किल्ली फिरवली. फुस् नाही. पॅडल दाबलं तसे पत्रे थरथरले, फळीवरचे पाने खाली पडले, आणि मी चाळिशी उलटलेला माणूस शिट्टी मारत गाडीभोवती फिरलो. ड्रायव्हरला बोलावलं. त्याने हेडच्या कडेने पांढरा रुमाल फिरवला, तो पांढराच राहिला. सकाळी न्यायला येतो म्हणाला.

सासऱ्यांनी विचारलं, झालं का सगळं? मी सांगितलं, नाही. तापल्यावर तांबं दबून बसतं आणि नट सैल पडतात, म्हणून इंजिन पुरतं गार झाल्यावर सगळे नट एकदा पुन्हा आवळावे लागतात. ते उद्या. त्यांनी मान हलवली.

सकाळी उठलो तर त्यांचं अंथरूण रिकामं. बायकोने दाराकडे बोट दाखवलं. रोज तीन हाका मारल्याशिवाय न उठणारे सासरे अंघोळ करून पायरीवर बसले होते. अंगात दुकानावर घालायचा खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

गॅरेजात त्यांनी एकेका सिलिंडरवर तळवा ठेवून पाहिला. चारही.

"निवलंय. आवळा."

मी पाना लावला. ते माझ्या खांद्यावरून वाकले, आणि एकेका नटाला "बस" म्हणत गेले.