सुईचा रिपोर्ट

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा हॉस्पिटलच्या संशोधन विभागातून फोन आला. तिथल्या नर्सच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

“ताई, काकांचा रिपोर्ट आला! ते बसतात नव्या गोळीच्या चाचणीत. सोमवारी उपाशीपोटी घेऊन या.”

“ते मंगळवारी गेले,” लेक म्हणाली.

वॉर्डाचे कागद त्या विभागात अजून पोचलेच नव्हते.

यकृताचा कॅन्सर स्कॅनवरच ओळखता आला होता, त्यामुळे गाठीचा तुकडा काढायची वेळ आली नव्हती. मग एक दिवस डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाले, ही पेशी. आपण जेवलो की आतडं यकृताला निरोप धाडतं, पित्त बनवणं आता पुरे. काही गाठींमधल्या पेशी हा निरोप स्वतःच तयार करतात, स्वतःच घेतात आणि वाढत सुटतात. निरोप घेणारं दारच बंद करणारी एक गोळी आहे, पण अजून चाचणीत. तुमची गाठ त्या जातीची आहे का, हे सुईने तुकडा काढला तरच कळेल.

बाबांचा जन्म पोस्टात टपाल वेगळं करण्यात गेलेला. “म्हणजे साहेब, माझं यकृत स्वतःलाच पत्रं लिहितंय आणि वाचून फुगतंय? अशी माणसं पाहिलीत मी. आमचे पोस्टमास्तर त्यातलेच.”

डॉक्टर खो खो हसले. आई हसली नाही.

“सुई लागली की आजार पसरतो,” ती म्हणाली. तसं फार क्वचित होतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली ते म्हणालीच. तीन आठवडे लेक तिच्या मागे लागली होती. बाबा पलंगावरून म्हणायचे, “तुमचं दोघींचं काय ते ठरू द्या. मी कुठे पळून चाललोय?”

शेवटी आईने हात टेकले. बरगड्यांमधून सुई गेली. त्यानंतर चार तास उजव्या कुशीवर, हलायचं नाही. बाबांच्या खांद्यात अशी कळ उठली, की त्यांनी उशीचा कोपरा दातांत धरला. मग आठवड्याभरात डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, आणि रिपोर्ट यायच्या आत सगळं आटोपलं.

“एक विचारू?” लेक फोनवर म्हणाली. “सुई तीन आठवडे आधी झाली असती तर?”

“गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, ताई. पण तेव्हा काकांना सुरू करता आली असती. रिपोर्ट घरी पाठवू?”

“घरी नको. माझ्या ऑफिसचा पत्ता देते.”

ती आत आली. आई पलंगाच्या कडेला बाबांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. चार दिवस ती धड झोपली नव्हती, की रडली नव्हती.

“कुणाचा गं फोन?”

“हॉस्पिटलचा. सुईचा रिपोर्ट आलाय.”

स्वेटरवरून फिरणारा हात थांबला. आईने वर पाहिलं नाही. “काय निघालं?”

“बाबांची गाठ त्यातली नव्हती. ती गोळी चालली नसती.”

“म्हणजे मी आधी हो म्हटलं असतं, तरी?”

“तरी काहीच झालं नसतं, आई.”

आईचे खांदे खाली आले. मग तिला रडू फुटलं. लेक शेजारी बसून तिची पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं.

“मग उगाचच टोचलं गं त्यांना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. “किती कळवळले होते. शेवटचे दिवस, ते तरी सुखात जायचे. मी सांगत होते तुला.”

“हो,” लेक म्हणाली. “तू सांगत होतीस. चुकलंच माझं.”

आईने तिचा हात हातात घेतला. “जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस?”

थोड्या वेळाने ती तशीच आडवी झाली, आणि लेकीचा हात न सोडता झोपली.