वसुलीवाल्याची वाटखर्ची

भर उन्हात जाळीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला घरातले काही दिसत नाही. घरातल्याला मात्र त्याच्या शर्टाची शिवणसुद्धा दिसते. कारण साधे आहे. तो उजेडात असतो आणि घर सावलीत. म्हणून ज्याला आत पाहायचेच असते, तो दोन्ही तळहातांचा आडोसा करून ते जाळीला टेकवतो आणि मधल्या अंधारात डोळे घालतो. मागे धुळीत कैरीच्या फोडींसारखी दोन निशाणे राहतात. भेटायला आलेल्या माणसाची अशी निशाणे मी कधी पाहिली नाहीत. भेटायला आलेला माणूस हाक मारतो.

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे. तुमच्यापासून दूर, लोगन नावाच्या परदेशी शहरातल्या एका बैठ्या घराच्या लाकडी दरवाजापुढे मी उभा असतो. माझी चौकट अॅल्युमिनियमची आणि जाळी पोलादी आहे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक धिप्पाड कामगार प्रत्येक दरवाजाला जड बुटाने लाथ मारून पाहत असे. मी जागचा हललो नाही, तेव्हा तो म्हणाला, "हा संशयी दिसतोय. चांगलं घर राखेल." ती माझी पहिली शाबासकी.

ह्या घरातल्या पहिल्या म्हाताऱ्या जोडप्याने मला फार जपले. दर शनिवारी धुणे, बिजागरीला तेल, संध्याकाळी कुलूप. मग ते गेले आणि मलेआ तिच्या मुलीला, तिरेसाला, घेऊन भाड्याने राहायला आली. मलेआ समुद्रापारच्या सामोआ बेटांवरची. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ती पहाटेपासून चादरी धुते. आल्याच दिवशी तिने जुन्या लावालावाची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाची, एक पट्टी फाडली आणि मला भिंतीच्या खिळ्याला उघडाच बांधून टाकले. दिवसाढवळ्या दार लावून बसणे तिच्या लेखी शिवी दिल्यासारखे होते. रस्त्याने ओळखीचे कोणी चालले, तरी ती आतून ओरडायची, "अगं, कुठे चाललीस? ये, चार घास खाऊन जा!" आणि आलेला परत निघाला, की त्याच्या मुठीत घडी केलेली नोट सरकवायची. वाटखर्ची. पाहुणा रिकाम्या हाताने गेला, तर लाज घराला.

माझ्या कुलपाला गंज चढला. बिजागरीत मुंग्यांनी घर केले. मला वाईट वाटे, पण खरे सांगायचे तर ते घर हसते होते. राखण्यासारखे काही आहे, असे तिथे कोणालाच वाटत नव्हते.

कर्ज जुने होते. तिकडे सामोआत, सवाई बेटावर, मलेआचा भाऊ वारला, तेव्हा तिकिटे, अंत्यविधीला द्यायच्या चटया, डुकरे, शेकडो माणसांचे जेवण ह्यासाठी तिने एका कंपनीकडून पैसे उचलले. काही हप्ते फेडले. मग ती ज्या कारखान्यात होती तो बंद पडला आणि हप्तेही थांबले. पुढे त्या कंपनीने ते कर्ज एका वसुली कंपनीला विकले. शेवटच्या हप्त्याला सात वर्षे उलटल्यावर अचानक फोन सुरू झाले. कधी मलेआला, कधी तिरेसा काम करते त्या दुकानात. दर फोनला रक्कम वेगळी. मला तेव्हाच शंका आली. एकाच वस्तूचे वजन दर वेळी वेगळे भरत असेल, तर दोष बहुधा वस्तूत नसतो.

मग एका रविवारी त्या वसुली कंपनीचा माणूस, डॅरिल, आला. गाडी त्याने लांब कोपऱ्यावर उभी केली. मी उघडा बांधलेला होतो, तरी तो आधी माझ्या आडून खिडकीकडे गेला आणि तिच्या जाळीला तळहात टेकवून त्याने आत पाहिले. वेळही त्याने नेमकी साधली होती. चर्चमधून येऊन मलेआने नुकताच टारोचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पाने ताटात काढली होती.

"तालोफा, आंटी!" तिच्या भाषेतला नमस्कार करत तो गोड आवाजात म्हणाला. "वास तर काय सुटलाय!"

"मग उभा काय राहिलास? बस, बस."

तो बसला, पोटभर जेवला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "आंटी, वाईट वाटतं सांगायला, पण वरचे लोक तुमची गाडी उचलायचं म्हणतायत."

मलेआचा हात ताटावरच थांबला. पहाटे बस नसते. गाडी गेली म्हणजे काम गेले.

"मी थोपवून धरलंय त्यांना," डॅरिल म्हणाला. "पण तुम्ही काहीतरी मनावर घ्या."

निघताना तो माझ्यापाशी रेंगाळला. खिसे चाचपले. स्वतःशीच बोलल्यासारखा, पण ऐकू जाईल असा म्हणाला, "पेट्रोलचा काटा पार तळाला गेलाय हो." मलेआ लगबगीने आत गेली आणि वीस डॉलरची नोट त्याच्या मुठीत देऊन आली. नोट खिशात गेली नाही. ती एका लिफाफ्यात गेली, आणि डॅरिलने तिथल्या तिथे पावती फाडून दिली.

पाहुणा वाटखर्चीची पावती देतो, हे मी जन्मात पहिल्यांदाच पाहिले.

संध्याकाळी तिरेसाने पावती वाचली. "आई, ह्यावर 'कर्जापोटी जमा' लिहिलंय."

"त्याचं त्याने काय लिहायचं ते लिहिलं. मी पेट्रोलला दिले."

"वसुलीवाल्याला पेट्रोल? उद्या चोर आला तर शिडी धरायला जाशील!"

"जेवायच्या वेळेला आला तर त्यालाही जेवू घालीन. जास्त बोलू नकोस."

तरी दुसऱ्या दिवशी तिरेसाने कर्जदारांना फुकट सल्ला देणाऱ्या केंद्राला फोन लावला. फोनचा आवाज मोठा करून ती उंबऱ्यावरच बसली, म्हणून मलाही सगळे ऐकू आले. पलीकडे ब्रॉनविन नावाची शांत बाई होती. तिरेसाने तिला गाडीची धमकी आणि वीस डॉलरची पावती, दोन्ही सांगितले.

"गाडी ह्या कर्जाला तारण होती का?" तिने विचारले.

"नाही," मलेआ म्हणाली.

"कोर्टाचा काही निकाल?"

"कधीच नाही."

"मग तो गाडीच्या आरशालासुद्धा हात लावू शकत नाही. धमकी होती ती. आणि सहा वर्षांत तुम्ही काही भरलं नसेल, लेखी कबुली दिली नसेल, तर एवढ्या जुन्या कर्जासाठी कोर्टात तुमच्याकडे सांगण्यासारखं भक्कम उत्तर होतं."

"होतं म्हणजे?" तिरेसाने विचारले.

"काल वीस डॉलर दिलेत ना. त्याला हप्ता म्हणून तो दाखवणार आणि सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजा म्हणणार. कशाचे होते ते पैसे?"

"पाहुणा होता," मलेआ हळूच म्हणाली. "वाटखर्ची दिली."

"ह्याच महिन्यात अशी वाटखर्ची मी दुसऱ्या एका सामोअन घरातून ऐकली," ब्रॉनविन म्हणाली. "आजच लेखी कळवा, की ते पैसे भेट होते आणि हे कर्ज तुम्हाला मान्य नाही. कर्जाचा पुरावा मागा. ह्यापुढे फक्त पत्राने बोला, असंही लिहा. मुलीच्या दुकानात फोन करून कर्ज उघड करणं त्यांना चालत नाही. ऐकलं नाही तर तक्रार करता येते, तिलाही पैसे पडत नाहीत. ह्या वीस डॉलरांतून तुम्ही सुटाल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तो पुन्हा येईल, आणि तेव्हा आणखी एक नोट दिलीत किंवा कशावर सही केलीत, तर माझेही हात बांधले जातील. त्याला घराबाहेर जायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे."

"दारात आलेल्याला जा म्हणू?"

"हो."

"ते मला नाही जमायचं, बाई."

पत्र गेले. तरी पुढच्या रविवारी डॅरिल आला. मलेआ मोरीत जाऊन बसली आणि नळ सोडून ठेवला. त्यानंतरच्या रविवारी तिने आजारी असल्याचे तिरेसाकडून सांगवले. घरात ताटे झाकलेली, बोलणे दबक्या आवाजात. रस्त्यावरच्या कोणाला "खाऊन जा" अशी हाक त्या दिवसांत गेली नाही. मित्रांनो, वसुलीवाल्याने गाडी नेली नव्हती, पण घरातले काहीतरी नेले होते.

म्हणून माझी एक विनंती ऐका. देश बदलला की कायदा बदलतो, तुमचा तुम्ही विचारून घ्या. पण दाराशी पैसे मागायला आलेल्याला ओळखपत्र विचारणे, कागद मागणे, "वाचल्याशिवाय सही नाही" म्हणणे ह्यात उर्मटपणा नाही. देणे खरे असेल तर ते पुराव्याला घाबरत नाही. आणि दरवाजाला तेल घालत जा. तो उघडण्यासाठी असतो तितकाच लावण्यासाठीही असतो.

त्याच्या पुढच्या रविवारी मलेआ चर्चमधून आली आणि तिने कपडेही बदलले नाहीत. खिळ्याची पट्टी सोडली. स्वयंपाकघरातले तेल आणून माझ्या कुलपात घातले. किल्ली दोनदा अडली, मग फिरली. तिरेसा म्हणाली, "आई, तू आत बस, मी बोलते त्याच्याशी."

"घर माझं, पाहुणा माझा," मलेआ म्हणाली. "मीच बोलणार."

डॅरिल आला. बगलेत कागद होता. त्याने तळहात टेकवले आणि आत पाहिले, तर बोटभर अंतरावर मलेआचा चेहरा होता. तो दचकून मागे सरला.

"तालोफा, आंटी! दार लावलंय? बरं आहे ना सगळं? नुसती एक सही हवी होती. आठवड्याला दहा डॉलर, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

मलेआचा श्वास माझ्या जाळीतून बाहेर येत होता.

"उपाशी पाठवणार का मला?" तो हसत म्हणाला. "तुमच्यात असं करत नाहीत."

"नाही करत," मलेआ म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण बारीक नव्हता. "माझ्या आईने नाही केलं, तिच्या आईने नाही केलं. आज मी करतेय. पुरावा टपालाने पाठव. सही मिळणार नाही, पैसा मिळणार नाही, आणि ह्या घरात तुला ताट नाही. जा, डॅरिल."