बाई पुन्हा शिकायला गेल्या

मित्रांनो, चष्म्याचा नंबर काढताना तुमच्या नाकावर एक जड फ्रेम बसवतात आणि तिच्यात एकेक भिंग सरकवत विचारतात, "आता स्पष्ट दिसतं?" ती भिंगं माझ्या पोटातली. मी भिंगांची जुनी लाकडी पेटी. कारखान्यात माझ्या आत मखमल लावली, खाचा पाडल्या, दोनशेच्या वर भिंगं बसवली. तेव्हापासून मी डोळे तपासणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर आहे.

बाईंचा हात इतका बसलेला, की न बघताही हवं ते भिंग उचलायच्या. "यांचा नंबर कधी चुकत नाही," असं लोक म्हणत आणि मीच फुगून जाई.

दुसरीतली एक मुलगी यायची. तिला सगळे ठमी म्हणत. दर सहा महिन्यांनी तिला आणखी जाड भिंग लागे. तिसऱ्या खेपेला तिच्या आईने विचारलं, "बाई, नंबर फार वाढल्यामुळे माझ्या डोळ्याचा पडदा फाटला होता. हिचा वाढायचा थांबवता नाही का येणार?"

बाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही. आम्हाला नुसता नंबर काढायला शिकवलं. पण मी शिकून घेते."

मुलांचा वाढता नंबर कसा रोखायचा, याच्या प्रशिक्षणाला बाईंनी खरंच नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच. नवऱ्याने चिडवलं, "या वयात परीक्षा?"

"नापास झाले तर प्रगतिपुस्तकावर सही तुम्ही करा!"

दर शनिवारी बाई वर्गाला जायच्या, तेव्हा मी मात्र मिटून बसायची. जरा वाईट वाटायचं.

पुढच्या वेळी ठमी आली, तेव्हा बाईंनी मला लगेच उघडलंच नाही. आधी डोळ्याची लांबी मोजून घेतली; ती वाढते तसा नंबर वाढतो, हे त्या वर्गात शिकल्या होत्या. मग विचारलं, "बाहेर किती खेळतेस?"

"दोरीच्या उड्या मारते. पण घरात!"

"मग दोरी बाहेर ने. रोज दोन तास."

नंबरची वाढ मंद करणारी खास भिंगं कुणाला द्यायची, त्यासाठीच डोळ्यांत घालायच्या थेंबांसाठी डॉक्टरांकडे कधी पाठवायचं, हे बाईंना आता ठाऊक होतं. "आहे तो नंबर उतरणार नाही," त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं, "पण वाढीला लगाम घालू."

वर्षभराने बाईंनी मागच्याच नंबरचं भिंग लावलं. ठमीने तक्त्याची शेवटची ओळ घडाघड वाचली. बाईंनी पुन्हा वाचायला लावली. आईने चष्मा काढून डोळे पुसले.

आता माझी मखमल विरली आहे, तरी मी मजेत आहे. मित्रांनो, बाहेर खेळा. फळा अंधुक दिसला तर घरी सांगा, लपवू नका. आणि मोठ्यांनो, मला उघडणाऱ्या हातांना पुन्हा पुन्हा शिकायला पाठवा. नंबर का वाढतो, हे माझ्या दोनशे भिंगांपैकी एकालाही सांगता येत नाही.