दुसऱ्या घरची पडताळणी

संगणकाच्या मागच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. कडेने तपकिरी, मध्ये अजून पिवळी; पंख्याच्या पात्याने एक बाजू सरळ कापली गेलेली. मोहिनीने ती चिमट्याने काढून तळहातावर ठेवली.

सायखेड्यातल्या गोरक्षआबांच्या पॅकहाउसमधला हा संगणक. द्राक्षं निर्यातीला निघाली की त्यावर पेट्यांची नोंद चाले, एरवी तो रिकामाच. मोहिनी नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. परिसरातले असे रिकामे संगणक इंटरनेटने जोडून तिने एक मोठं गणित चालवलं होतं. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीला कोणतं संयुग रोखेल, हे बाजारात मिळणाऱ्या हजारो संयुगांतून शोधायचं होतं. ती आणि इतर दोन शहरांतले दोन संशोधक, अशा तिघांनी काम वाटून घेतलं होतं. गणिताचे तुकडे निफाड-सायखेड्याच्या पॅकहाउसांत जात, उत्तरं परत येत. प्रत्येक तुकडा दोन घरी पाठवायचा आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच धरायचा, असा नियम होता.

या संशोधनाचा पेपर पाठवायची तारीख जवळ आली, तेव्हा मोहिनीने कुणाला न विचारता हा नियम बंद केला. एकाच घरी पाठवलं की वेग दुप्पट.

त्याच सुमारास दसरा आला. आबांनी ट्रॅक्टर आणि फवारणीच्या ब्लोअरच्या जोडीने संगणकही पुजला. हार सारखा घसरत होता म्हणून मागच्या जाळीला आवळून बांधला. वाळला तरी काढला नाही. पूजेचा हार, असू दे म्हणाले. संगणक आतून तापत राहिला. बंद पडला असता तर बरं झालं असतं, पण तो मुकाट्याने चुकीची उत्तरं देत राहिला. त्यातल्याच एका उत्तराने एक संयुग सगळ्यात वर आलं. पेपर मान्य झाला. आता उद्या तेच संयुग आबांच्या अर्ध्या एकरावर मारून बघायचं होतं, नेहमीचं औषध बंद ठेवून. बाग फुलोऱ्यात होती. औषध लागू पडलं नाही, तर डावणी घड शिल्लक ठेवणार नव्हती.

दिवाळीनंतर आकडे पुन्हा तपासताना मोहिनीला हे कळलं होतं. बाकीच्या दोघा संशोधकांना तिने एक संगणक बिघडल्याचं कळवलं; वर आलेलं संयुग त्याच्याच चुकीचं फळ आहे, हे नाही. आबांना फोनवर हाराचं सांगितलं. ते खरंच होतं. नियमाबद्दल मात्र ती बोलली नाही. रोज सकाळी बोलायचं ठरवायची आणि कॉलेजात तासाला निघून जायची.

आबा शेजारीच बसले होते. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी चहा आणला. संगणकाकडे बघून म्हणाल्या, "भर उन्हाळ्यात मी पदरानं वारा घेती अन् ह्यांच्या पेटीला इन्व्हर्टर. वर हार. मला नाय कधी घातला."

मोहिनी हसली. आबा हसले नाहीत. गावातल्या बागायतदारांच्या ग्रुपमध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, की आपल्या अडाणीपणामुळे मॅडमच्या कामात खोट आली. मग ग्रुप सोडला होता. हे मोहिनीला सकाळी निफाडच्या एका बागायतदाराने हसत हसत सांगितलं होतं.

आबांनी कपाला हात लावला नाही. "मॅडम, सगळ्यांचे कांप्युटर नीट चालले, माझ्याच घरी घाण झाली. लय वाईट वाटतंय." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "मी काल इचार केला. अर्धा एकर कशाला? सगळा एकर घ्या. तेवढीच भरपाई."

चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला ट्रे खाली आला.

पाकळी अजून मोहिनीच्या तळहातावर होती. ती लपवावी असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. तिने पाकळी कपाशेजारी ठेवली.

"आबा, हार कुणीही बांधला असता. चूक एका घरी होणारच, म्हणून तर दुसऱ्या घरी तपासायचं होतं. ती तपासणी मी बंद केली. पेपर लवकर व्हावा म्हणून."

आबांना ते लगेच उमगलं नसावं.

"उद्या फवारणी करायची नाही. तुमचं नेहमीचंच औषध मारा, आजच मारा," मोहिनी म्हणाली. "आणि पेपर मी मागे घेतेय."