कुंपणं बंद ठेवली तो दिवस

थेल्मा ट्रेवास्किसने बावीस वर्षं माउंट कंपास गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. मग फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि ती घरी बसली. त्याच सुमारास ॲडलेडच्या विद्यापीठवाल्यांनी गवळी क्लेम नॉस्केच्या कुरणात लाकडी खांब रोवून त्यांवर तारांचं जाळं ताणलं. ती होती आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत एक पेन दिवसभर कागदावर रेघ ओढायचं. रेघा तपासायला माणूस हवं होतं, ते काम थेल्माला मिळालं.

साहेब होते डॉ. हॅलोरन. वयाने तिच्या निम्मे, महिन्यातून एकदा येणारे. त्यांचे नियम दोनच. यंत्राचं एक बटण कायम दहा सेकंदांवर ठेवायचं, म्हणजे बारीकसारीक थरथर पुसून रेघ गुळगुळीत येते. तरीही रेघ थरथरलीच, तर तो कागद रद्दीत.

थेल्माला ते पटेना. खरखर कुठली आणि माणसाचा आवाज कुठला, हे ओळखण्यातच तिची बावीस वर्षं गेली होती. कन्या राशीतला एक रेडिओ स्रोत, आकाराने अगदी इवलासा. सूर्य त्याच्याजवळ सरकू लागला की त्याची रेघ थरथरायची, दिवसागणिक जास्तच. खोलीत साहेब विसरून गेलेल्या एका मासिकात, इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांच्या लेखात, तिला उत्तर सापडलं. सूर्यापासून सतत वारा सुटतो, तप्त विद्युतभारित कणांचा. त्याच्या झोतांतून आलेल्या लहरी लुकलुकतात. म्हणजे त्या थरथरीतून वारा वाचता येतो.

आपल्यालाही हे जमेल का, तिने साहेबांना विचारलं.

"अहो, त्या इंग्लंडातल्या लोकांकडे एकरच्या एकर तारा आहेत," ते हसले. "तुमची थरथर म्हणजे गवळ्यांची विजेची कुंपणं. सेकंदाला एक झटका देतात ती. मोजून बघा."

त्या दिवशी तिने बटण अर्ध्या सेकंदावर नेलं आणि तिथेच ठेवलं.

सप्टेंबरात साहेबांचं पत्र आलं. कुंपणांमुळे दोन वर्षांच्या नोंदी वाया गेल्या, असा अहवाल तयार आहे. मंगळवारी येतो, सही करा. महिनाअखेर खोली बंद.

थेल्मा तडक क्लेमच्या गोठ्यात गेली. "मंगळवारी एक ते दोन कुंपण बंद ठेव."

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या गाई काय चर्चमध्ये बसल्यात, बंद केलं तरी जागच्या हलायच्या नाहीत?"

"तुझ्या थोरल्याच्या वेळी मार्गारेट अडली होती. डॉक्टरांना व्हिक्टर हार्बरच्या नाचातून कुणी हुडकून काढलं होतं रे?"

क्लेमने दुधाची बादली खाली ठेवली. "तासभर. दोनला निरोप धाड, मिनिटभरही जास्त नाही."

खोऱ्यात आणखी तीन गवळी होते. तिघांवरही तिचे असेच उपकार होते.

मंगळवारी हॅलोरन आले, अहवाल टेबलावर ठेवला आणि त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं.

"हे बटण कुणी फिरवलं?"

"मी. मार्चपासून."

"नियम माहीत नव्हता?"

"पाठ होता."

ते लालबुंद झाले. पण दीड वाजत आला होता, स्रोत जाळ्यावर येत होता, आणि पेन उसळून थरथरू लागलं.

"हं. ही बघा तुमची कुंपणं!"

"चारही बंद आहेत," थेल्मा म्हणाली. "जाऊन हात लावून या."

ते खरंच गेले. खिडकीतून तिला दिसलं, साहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि क्लेमची तार मुठीत धरली. बराच वेळ धरून उभे राहिले. परत आले तेव्हा पेन तसंच थरथरत होतं.

तिने तारांची जोडणी बदलून जाळं शेजारच्या स्रोताकडे वळवलं. हा आकाराने मोठा. रेघ शांतपणे चढली, शांतपणे उतरली.

"तारे लुकलुकतात, ग्रह नाही. लहान-मोठ्याचा फरक आहे तो," ती म्हणाली. "कुंपणाला एवढं कळतं का, डॉक्टर?"

"एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही."

"अगदी बरोबर." तिने कपाट उघडलं. आत थरथरत्या रेघांचे अठ्ठ्याहत्तर कागद होते, तारीखवार लावलेले. एकही रद्दीत गेला नव्हता. "हे सहा दिवस बघा. थरथर एकदम दुप्पट, मग पुन्हा कमी. वाऱ्याची वावटळ असणार."

हॅलोरन जमिनीवर फतकल मारून बसले आणि कागद पसरू लागले. सहीचं नाव त्यांनीही काढलं नाही, तिनेही नाही.

अडीचला बाहेर आरडाओरडा झाला. कुंपणं पुन्हा सुरू करायचा निरोप द्यायला थेल्मा साफ विसरली होती. घड्याळ न वापरणारा क्लेम निरोपाची वाट पाहत राहिला होता आणि त्याच्या चाळीस गाई शेजाऱ्याच्या फुलकोबीत शिरल्या होत्या. शहरी बुटांनिशी साहेबही चिखलात धावले. एका गाईने त्यांना पाडलं.

खोली बंद झाली नाही. बटण फिरवल्याबद्दल थेल्माला ताकीद मिळाली. तिने उलट टपाली कळवलं, 'ताकीद पोचली. बटण अर्ध्या सेकंदावरच आहे.'

वर्षभराने हॅलोरननी छापायला द्यायच्या लेखाचा मसुदा धाडला. शेवटी बारीक अक्षरांत तिचे आभार मानले होते, 'कागद जपल्याबद्दल'. थेल्माने ती ओळ खोडली, पहिल्या पानावर त्यांच्या नावाशेजारी स्वतःचं नाव लिहिलं आणि मसुदा त्याच दिवशी परत पाठवला. सोबत चिठ्ठीसुद्धा जोडली नाही.

लेख छापून आला तेव्हा पहिल्या पानावर दोन नावं होती.